प्रायव्हेट विमान परदेशात उतरवायचंय? लँडिंग परमिट कुठल्या क्रमाने काढायचं आणि लोक नेमके कुठे फसतात

परमिटचा नंबर आलाय, क्रू हॉटेलवरून निघालाय, शेठ सहकुटुंब गाडीत बसलेत आणि मग कळतं की मालदीवच्या माले एअरपोर्टवर विमान उभं करायला जागाच नाही. कारण पार्किंग कोणी विचारलंच नव्हतं, सगळ्यांना वाटलं परमिट मिळालं म्हणजे झालं. हा प्रकार मी वेगवेगळ्या लोकांकडून इतक्यांदा ऐकलाय, आणि एकदा स्वतः केलाय, म्हणून हे लिहितोय.

उदाहरण म्हणून एकच केस घेतो: भारतीय नोंदणीचं, म्हणजे व्हीटी वालं, प्रायव्हेट कॅटेगरीतलं छोटं जेट, मुंबईहून मालदीवला जायचंय, चार दिवस राहून परत. दुबई, मस्कत, कोलंबो, काठमांडू, कुठेही गेलात तरी क्रम हाच राहतो, तपशील बदलतात.

एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा. "परमिट" म्हणून आपण जे म्हणतो त्या चार-पाच वेगळ्या परवानग्या असतात आणि प्रत्येक देणारा वेगळा असतो. लँडिंग परमिट त्या देशाची सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटी देते. स्लॉट, म्हणजे उतरायची-निघायची ठरवून दिलेली वेळ, एअरपोर्टचा स्लॉट को-ऑर्डिनेटर देतो. पार्किंग आणि पीपीआर, म्हणजे येण्याआधीची एअरपोर्टची संमती, एअरपोर्ट ऑपरेटर देतो. माणसांचा व्हिसा इमिग्रेशनचा. एकाने हो म्हटलं म्हणून दुसरा बांधील नसतो, आणि सगळ्यांना दिलेली वेळ मात्र एकच असावी लागते.

१. फ्लाइट खरंच प्रायव्हेट आहे का, ते ठरवा

हे पहिलं, कारण पुढचा सगळा अर्ज यावर अवलंबून आहे. मालक, त्याचं कुटुंब, कंपनीची माणसं, आणि कोणीही सीटचे पैसे देत नाहीये, तर प्रायव्हेट. चार मित्र मिळून "तेलाचा खर्च वाटून घेऊ" म्हणाले की गाडी घसरते, कारण पैसे घेऊन माणसं नेणं हे प्रायव्हेट कॅटेगरीच्या विमानाला भारतातच चालत नाही, त्यासाठी एनएसओपी, म्हणजे नॉन-शेड्यूल्ड कमर्शियल परवाना, असलेलं विमान लागतं. बाहेरच्या देशात कमर्शियल फ्लाइटचे नियम अजून कडक असतात, युरोपियन युनियनमध्ये तर बाहेरच्या कमर्शियल ऑपरेटरला आधी युरोपच्या एव्हिएशन सेफ्टी एजन्सीचं वेगळं ऑथरायझेशन काढावं लागतं आणि ते आठवड्याभरात होणारं काम नाही.

⚠️ अर्जात "प्रायव्हेट" लिहायचं आणि हँडलिंग एजंटला (एअरपोर्टवर आपल्या विमानाची कामं बघणारा) मेलमध्ये "चार्टर" म्हणायचं, असं करू नका. सवयीने लिहिलं जातं, आणि समोरचा माणूस तोच शब्द पुढे पाठवतो.

२. एकच शेड्यूल शीट बनवा, सगळं युटीसीमध्ये (जगभर विमानांसाठी वापरतात ती सामायिक वेळ)

एक शीट. त्यात विमानाचं रजिस्ट्रेशन, टाइप, कमाल टेक-ऑफ वजन, प्रत्येक लेगची, म्हणजे एकेका उड्डाणाची, निघायची आणि पोचायची वेळ, एअरपोर्टचे चार अक्षरी आयकाओ कोड, क्रू किती, पॅसेंजर किती. मुंबईचा कोड व्हीएबीबी, मालेचा व्हीआरएमएम. तिकिटावरचे तीन अक्षरी कोड इथे चालत नाहीत.

आता वेळ. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, परमिटचा अर्ज अवघड असतो म्हणून नाही तर आपण साडेपाच तास वजा करायला विसरतो म्हणून. समजा शनिवारी पहाटे साडेतीनला मुंबईहून निघायचंय. युटीसीमध्ये ती वेळ २२:०० आहे, आणि वार आहे शुक्रवार! माले साधारण ९०० नॉटिकल मैल, छोट्या जेटला सव्वादोन तास धरा, म्हणजे पोचणार ००:१५ युटीसी, तोपर्यंत शनिवार उजाडला. मालदीवची घड्याळं युटीसीच्या पाच तास पुढे, म्हणजे तिथे पहाटेचे सव्वापाच. एकाच फ्लाइटमध्ये तारीख बदलली. अर्जात कोणी "शनिवार २२:००" टाकलं तर परमिट चोवीस तास उशिराचं येतं आणि ते चूक आहे हे कोणाच्याच लक्षात येत नाही, कारण कागदावर सगळं नीट दिसतं.

✔ तपासा: शीटमध्ये प्रत्येक वेळेच्या बाजूला तारीख लिहिलीय का? नुसती वेळ लिहिलेला एकही कॉलम ठेवू नका. स्थानिक वेळ हवीच असेल तर वेगळ्या रंगात, आणि ती शीट बाहेर पाठवायची नाही.

३. आधी जागा, मग परमिट

लोक नेमकं उलटं करतात. परमिट सरकारी म्हणून तेच महत्त्वाचं वाटतं, पण मालेसारख्या ठिकाणी खरी अडचण पार्किंगची आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथे प्रायव्हेट जेटची रांग लागते आणि मग उत्तर येतं की माणसं उतरवा आणि विमान दुसरीकडे घेऊन जा.

दुसरीकडे म्हणजे कुठे? हा प्रश्न आला की तुमची ट्रिपच बदलली. विमान तिरुअनंतपुरमला नेऊन ठेवायचं ठरलं तर आता दोन नाही, चार लेग झाले: मुंबई ते माले, माले ते तिरुअनंतपुरम रिकामं, तिरुअनंतपुरम ते माले रिकामं, माले ते मुंबई. मालेला आता दोन लँडिंग आहेत, परमिटमध्ये दोन्ही हवीत. तिरुअनंतपुरमला क्रू परदेशातून आला म्हणून इमिग्रेशन, कस्टम्स सगळं आलं. विमान कोलंबोला ठेवायचं म्हटलं तर श्रीलंकेचं वेगळं लँडिंग परमिट. रिकाम्या विमानाला परमिट लागत नाही असा एक गोड गैरसमज आहे, तो सोडून द्या. पॅसेंजरच्या रकान्यात शून्य लिहायचं, अर्ज तोच.

मालदीवमध्येच दुसऱ्या एअरपोर्टवर, उदाहरणार्थ गान किंवा माफारू, जागा मिळते का हे आधी हँडलिंग एजंटला विचारा, ते बऱ्याचदा स्वस्त पडतं.

दुबईला जाणाऱ्यांनी मोठ्या दुबई इंटरनॅशनलचाच हट्ट धरू नये, प्रायव्हेट विमानांसाठी दुबईचंच दुसरं एअरपोर्ट, अल मक्तूम, जास्त सोयीचं आहे, स्लॉटची मारामारी कमी. शेठना हॉटेलपासून जास्त वेळ गाडीत बसावं लागेल हे त्यांना आधीच सांगा म्हणजे आयत्या वेळी कटकट नाही.

आणि आपल्या बाजूचंही बघा. मुंबईला जनरल एव्हिएशनच्या, म्हणजे एअरलाइन सोडून इतर छोट्या-खाजगी विमानांच्या, स्लॉटवर बंधनं असतात, शिवाय पावसाळ्याच्या आगेमागे रनवे मेंटेनन्ससाठी काही तास बंद ठेवतात, ते नोटॅममध्ये, म्हणजे वैमानिकांसाठीच्या अधिकृत सूचनेत, येतं. पुण्याहून निघणार असाल तर लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाभोळी नौदलाचं. तिथे तुमच्या वेळेला सिव्हिल प्रायव्हेट फ्लाइट चालेल का ते आधी विचारावं लागतं, खासकरून विमानात परदेशी नागरिक असेल तर. गोव्यात त्यापेक्षा मोपा बरं. आणि कोल्हापूर, बारामती, जुहू इथून थेट परदेश नाही, आधी कस्टम्स-इमिग्रेशन असलेल्या एअरपोर्टवर यायचं, हे सांगायची गरज नसावी पण पडते.

✔ तपासा: दोन्ही टोकांचे स्लॉट आणि पार्किंग लेखी मिळालंय का? "होऊन जाईल" हे लेखी नाही.

४. त्या देशाचा नियम मूळ ठिकाणी वाचा

प्रत्येक देश एआयपी, म्हणजे आपल्या हवाई वाहतुकीच्या नियमांचं अधिकृत पुस्तक, छापतो, त्यात जनरल विभागातला १.२ हा भाग विमानांच्या प्रवेशाबद्दल असतो. परमिट लागतं की नुसती सूचना पुरते, अर्ज कोणाकडे, किती दिवस आधी, कुठले कागद, सगळं तिथे. १.३ मध्ये पॅसेंजर आणि क्रूचं. ही दोन पानं वाचायला पंधरा मिनिटं लागतात आणि तरी सगळे व्हॉट्सअप ग्रुपवर विचारतात "मालदीवला किती दिवस लागतात रे?"

देशादेशात फरक का आहे तर १९४४ च्या शिकागो करारातलं कलम ५ अनियमित फ्लाइट्सना बऱ्यापैकी मोकळीक देतं पण देशाला अटी घालायची मुभाही ठेवतं. म्हणून युरोपातल्या बऱ्याच देशांत प्रायव्हेट फ्लाइटला वेगळं लँडिंग परमिट लागत नाही, फ्लाइट प्लॅन पुरतो, आणि चीनला जायचं तर तिथे कोणाला भेटणार त्याचा संपर्क आणि निमंत्रणापर्यंत विचारतात.

दिवस मोजताना त्यांचे कामाचे दिवस मोजा, आपले नाही. मालदीव आणि ओमानला शुक्रवार-शनिवार सुट्टी. यूएईने २०२२ पासून शनिवार-रविवार केलंय आणि शुक्रवारी अर्धा दिवस. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सुट्टी असते, कॅलेंडर बघा, आपलं कालनिर्णय तिथे खरंच कामाला येतं. गुरुवारी संध्याकाळी मालेला अर्ज टाकून सोमवारी निघायचंय म्हणालात तर हातात फक्त रविवार आहे.

५. कागदपत्रांचा गठ्ठा

साधारण हे लागतं: रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, एअरवर्दीनेस सर्टिफिकेट, आणि आपल्याकडे त्याच्यासोबत चालू असलेलं एआरसी (एअरवर्दीनेस रिव्ह्यू सर्टिफिकेट), विमा, नॉइज सर्टिफिकेट, वायरलेस लायसन्स, पायलटची लायसन्स आणि मेडिकल, क्रूचे पासपोर्ट, आणि आरव्हीएसएमची, म्हणजे जास्त उंचीवर दोन विमानांत कमी उभं अंतर ठेवून उडायची, मंजुरी. गठ्ठा एकाच पीडीएफमध्ये ठेवला तरी प्रत्येक कागदाची स्वतंत्र फाइलही ठेवा, काही पोर्टल एकत्र फाइल घेत नाहीत.

कागद नसणं ही चूक क्वचित होते. कागद एकमेकांशी न जुळणं ही रोजची. तीन ठिकाणी बघा.

वजन: एअरवर्दीनेस सर्टिफिकेटवर एक कमाल वजन, विम्यावर दुसरं, अर्जात तिसरं, कारण मधे कधीतरी विमानाचं वजन सुधारून घेतलं आणि विमा कंपनीला कळवलंच नाही. वजनावर फी आणि विम्याची किमान रक्कम दोन्ही ठरतात. युरोपियन युनियनचा तर विम्यावर स्वतंत्र नियम आहे, ७८५/२००४, त्यात विमानाच्या वजनाप्रमाणे किमान थर्ड पार्टी विमा एसडीआरमध्ये (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) ठरवून दिलाय, आणि सर्टिफिकेटवर तो आकडा दिसावा लागतो.

विम्याचा भूगोल: "भारत आणि शेजारी देश" असं लिहिलेली पॉलिसी मी बघितलीय. मालदीव शेजारी आहे का, यावर रात्री अकरा वाजता ब्रोकरशी वाद घालायची माझी इच्छा आता नाही. जगभर लागू, किंवा देशाचं नाव स्पष्ट लिहिलेलं, असं सर्टिफिकेट आधीच मागवा. युद्धजोखमीच्या कव्हरमध्ये वगळलेले देश वेगळे असतात, ते पान पण वाचा.

मुदत: परतीच्या तारखेपर्यंत सगळं चालू हवं. कॅप्टनचं मेडिकल ट्रिपच्या मधेच संपतंय, असं होतं.

⚠️ क्रूचं नाव आयत्या वेळी बदलणार असाल तर स्टँडबाय पायलटचे कागद पहिल्याच अर्जात जोडा. पर्यायी विमानाचं रजिस्ट्रेशन देण्याची सोय असेल तर तेही द्या. विमान बिघडलं तर नव्याने रांगेत उभं राहायला नको.

६. पॅसेंजर यादी

याला वेगळा भाग द्यावा लागतोय कारण आपली नावं! शेठना सगळे भाऊ म्हणतात, ऑफिसच्या यादीत "भाऊसाहेब", पासपोर्टवर वेगळंच पूर्ण नाव, मधे वडिलांचं नाव, आडनावाचं स्पेलिंग वेगळं. वहिनींचा पासपोर्ट लग्नाआधीच्या नावाचा. काही ज्येष्ठांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच. यादी फोनवर ऐकून टाइप करू नका, पासपोर्टच्या फोटोवरून, खालच्या दोन ओळींतल्या अक्षरांप्रमाणे भरा. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांपेक्षा जास्त शिल्लक आहे ना तेही तिथेच बघून घ्या.

लँडिंग परमिट विमानाला मिळतं, माणसांना नाही. मालदीवला भारतीयांना पोचल्यावर व्हिसा मिळतो, पण त्याआधीच्या ९६ तासांत ऑनलाइन ट्रॅव्हलर डिक्लरेशन भरावं लागतं, प्रायव्हेट जेटने आलात म्हणून सुटका नाही. दुबईला व्हिसा आधी काढून ठेवा.

सामानाचंही विचारून घ्या. मालदीवमध्ये दारू आत नेता येत नाही, म्हणजे विमानातला बार कस्टम्ससमोर सीलबंद ठेवायचा आणि शेठच्या मित्राने हातात बाटली घेऊन उतरायचं नाही. कुत्राही तिथे नेता येत नाही. परतताना कोणी सॅटेलाइट फोन घेऊन येत असेल तर भारतात तो परवानगीशिवाय बेकायदेशीर आहे.

७. अर्ज

इतकं झालं की अर्ज हे सगळ्यात सोपं काम आहे. स्वतः पोर्टलवर भरा किंवा हँडलिंग एजंटकडून करून घ्या, पण दोघांनी भरायचा नाही. घाईत दोन एजंटना काम दिलं की एकाच फ्लाइटचे दोन अर्ज जातात, अथॉरिटीवाला गोंधळतो आणि दोन्ही बाजूला ठेवतो.

भेटीचं कारण साधं लिहा, "खाजगी सहल" किंवा "कंपनीची बैठक". इथे कादंबरी लिहिली की प्रश्न वाढतात. बिल कोणाला पाठवायचं तो पत्ता पूर्ण भरा. आणि विमान सेकंडहँड घेतलं असेल तर जुन्या मालकाची त्या देशातली नॅव्हिगेशन चार्जेसची, म्हणजे त्यांची हवाई वाहतूक सेवा वापरल्याच्या फीची, थकबाकी आहे का विचारून घ्या, कधीकधी अर्ज कुठलंच कारण न देता अडकून पडतो आणि खोदल्यावर तिथे जुनं बिल निघतं.

८. ओव्हरफ्लाइट

मुंबई-मालेला तिसरा देश वाटेत येत नाही म्हणून हा भाग सुटतो. दुबईला जाताना ओमान येतं, त्याचं ओव्हरफ्लाइट, म्हणजे न उतरता वरून जायचं, परमिट वेगळं, त्यात त्यांच्या हद्दीत शिरायचा आणि बाहेर पडायचा पॉइंट आणि वेळ लागते. म्हणजे रूट आधी पक्का हवा, तो फ्लाइटची आखणी करणाऱ्या डिस्पॅचरकडून घ्या, अंदाजे लिहू नका.

एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, ती बंदी नोटॅमने एकेक महिन्याने वाढवत नेली, त्यामुळे पश्चिमेला किंवा युरोपकडे जाताना चालू नोटॅम बघितल्याशिवाय जुना रूट कॉपी-पेस्ट करू नका. लक्षात घ्या की कराची एफआयआर, म्हणजे कराचीच्या हवाई नियंत्रणाखालचं क्षेत्र, समुद्रावरही पसरलेलं आहे, नुसती जमीन टाळून भागत नाही.

९. परमिट आलं की ते वाचा

गंमत नाही. नंबर बघून लोक मेल बंद करतात. रजिस्ट्रेशन, तारीख, एअरपोर्ट, किती लँडिंग, आणि मुदत, हे शीटशी ताडून बघा. मुदत देशाप्रमाणे वेगवेगळी, कुठे ठरलेल्या वेळेनंतर २४ तास, कुठे ७२, आणि ती त्या परमिटवर किंवा एआयपीत लिहिलेली असते.

शेठ म्हणाले "दोन तास उशिरा निघू", तर परमिट कदाचित मुदतीत बसेल पण स्लॉट बसणार नाही, स्लॉटची सूट मिनिटांत मोजतात. दिवस बदलला, एअरपोर्ट बदललं किंवा विमान बदललं तर रिव्हिजन टाकावंच लागतं.

बदल झाला की कळवायचा क्रम: दोन्हीकडचा स्लॉट आणि पार्किंग, मग परमिट, मग हँडलिंग, मग फ्लाइट प्लॅन. मी स्वतः एकदा परमिट सुधारून घेतलं आणि पार्किंगवाल्याला सांगायलाच विसरलो, सुरुवातीला सांगितलेला तो माझा किस्सा. चार तास रिकामं विमान दुसरीकडे उडवावं लागलं आणि त्याचं बिल कोणी भरायचं यावर आठवडा गेला.

१०. निघायच्या दिवशी

भारतातून निघताना एअर डिफेन्स क्लिअरन्सचा एडीसी नंबर आणि फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरचा एफआयसी नंबर लागतात, ते फ्लाइट प्लॅन टाकल्यावर घ्यायचे. प्लॅनमध्ये आयटम ७ ला रजिस्ट्रेशन मधल्या आडव्या रेघेशिवाय. आयटम ८ ला प्रायव्हेट फ्लाइटसाठी "जी", कमर्शियल नॉन-शेड्यूल्डला "एन". पहिल्या पायरीवर जे ठरवलं ते इथे जुळलं पाहिजे. आयटम १८ मध्ये डीओएफ म्हणजे उड्डाणाची तारीख, युटीसीचीच, आपल्या उदाहरणात शुक्रवारची, आणि आरएमकेमध्ये, म्हणजे शेऱ्याच्या जागी, परमिट नंबर जसाच्या तसा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर समोरचा कंट्रोलर रेडिओवर परमिट नंबर विचारतो, आणि पायलट मध्य समुद्रावर कागद शोधत बसतो.

✔ तपासा: ऑल्टरनेट, म्हणजे ठरलेल्या जागी उतरता आलं नाही तर जायच्या पर्यायी, एअरपोर्टवर कस्टम्स-इमिग्रेशन आहे का, आणि त्या वेळेला उघडं आहे का? नसेल तर डायव्हर्ट झाल्यावर माणसं विमानातच बसून राहतील.

सगळे मूळ कागद, जनरल डिक्लरेशनच्या चार-पाच प्रती, पॅसेंजर यादी आणि परमिटची प्रिंट विमानात ठेवा. मोबाइलमध्ये आहे म्हणू नका, रॅम्पवर रेंज नसते तेव्हाच विचारतात.

मालेऐवजी लंडनला निघाला असाल तर परमिटपेक्षा जीएआर, म्हणजे ब्रिटनला द्यायचा जनरल एव्हिएशन रिपोर्ट, महत्त्वाचा, पॅसेंजरची माहिती निघण्याच्या किमान दोन तास आधी ऑनलाइन जायलाच हवी. अमेरिकेला ईएपिस, म्हणजे त्यांना पॅसेंजर-क्रूची माहिती ऑनलाइन द्यायची पद्धत, निघण्याच्या किमान साठ मिनिटं आधी, आणि त्यांची मंजुरी हातात आल्याशिवाय निघायचं नाही.

११. परतीचा लेग

हा सगळे विसरतात कारण "आपल्याच देशात यायचंय". परत येतानाही भारतात शिरण्यासाठी एडीसी लागतो, मुंबईचा स्लॉट लागतो, कस्टम्स-इमिग्रेशनला वेळ कळवावी लागते, आणि पॅसेंजर यादी बदललेली असते कारण कोणीतरी मधेच एअरलाइनने परत गेलेलं असतं किंवा एक पाहुणा वाढलेला असतो. माले सोडायच्या आदल्या दिवशी शीट पुन्हा उघडा, यादी नव्याने पासपोर्टवरून भरा, वेळा पुन्हा युटीसीत मांडा.

परत आल्यावर परमिट, स्लॉटचे मेल आणि हँडलिंगच्या पावत्या एका फोल्डरमध्ये टाकून ठेवा. नॅव्हिगेशन चार्जेसची बिलं नंतर कधीतरी येतात, आणि न केलेल्या लँडिंगचं बिल आलं तर दाखवायला तुमच्याकडे तेवढंच असतं.